कंपवात आणि समूहव्यायाम : एक अभ्यास

तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र

मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा वर्गातील बहुतेकांनी परीक्षेची भीती, मोबाइलची सवय असे विषय घेतले. मी कंपवाताच्या रुग्णांचा समूहव्यायाम हा विषय मागितला. "कला शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या वाटेला कशाला जायचे?" असे सरांनी विचारले, तेव्हा मला आमच्या आबांविषयी सांगावे लागले. वाचकांनाही प्रथम तेच सांगते.

आबा म्हणजे माझे आजोबा. ते ३२ वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. फळ्यावरील त्यांचे अक्षर पाहण्यासाठी शेजारच्या वर्गातील मुले डोकावत, असे आजी सांगते. सहा वर्षांपूर्वी ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी ठसठशीत असलेले अक्षर शेवटी मुंगीएवढे होई. मग उजव्या हाताला कंप आला, चाल मंदावली आणि चेहऱ्यावरचे हसू मावळले. आबा आमच्यावर रागावले आहेत, असेच आम्हा मुलांना वाटे.

एकदा लग्नाला निघण्याची घाई होती. आबा उंबऱ्याशी थबकले. पाय जणू फरशीला चिकटले. "चला ना आबा, उशीर होतोय," असे म्हणून मी त्यांचा हात धरून ओढला. देह पुढे आला, पाय जागीच राहिले आणि आबा पडले. मनगटाचे हाड मोडले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण त्यानंतर घराबाहेर पडणेच सोडून दिले. प्रस्तुत अभ्यासामागे त्या दिवसाची टोचणी आहे, हे प्रांजळपणे कबूल करते.

रोगाची ओळख

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांपैकी काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते. पुढे फ्रान्सचे शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परंपरेतील 'कंपवात' हा शब्द त्यासाठी रूढ आहे. मात्र या शब्दामुळे एक गैरसमज होतो. कंप हे एकच लक्षण झाले. काही रुग्णांत तो नसतोही. हालचालींचा मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि तोल जाणे ही लक्षणे रोजच्या जगण्यात अधिक अडचणीची ठरतात.

मध्यमेंदूत काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामीन नावाचे रसायन तयार करतात. त्या झिजू लागल्या की डोपामीन कमी पडते आणि हालचालींचे नियमन बिघडते. डोपामीनचे मेंदूतील कार्य दाखवून देणारे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० नंतरच्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. आजही तेच मुख्य औषध आहे. त्याने लक्षणे आटोक्यात राहतात, परंतु रोग समूळ बरा होत नाही. म्हणूनच व्यायामाला महत्त्व आहे.

तालाचे रहस्य

आबा सपाट फरशीवर अडखळत. पण जिना मात्र बिनतक्रार चढत. "चालायला येत नाही आणि जिना कसा येतो?" असे घरात कोणीतरी म्हणेच. हे सोंग नव्हे, याचा उलगडा मला अभ्यास करताना झाला.

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाचा विचार करीत नाही. मेंदूच्या खोल भागातील काही पेशीसमूह हे काम आपोआप उरकतात. कंपवातात नेमकी ही आपोआप चालणारी व्यवस्था ढिली पडते. परंतु बाहेरून खूण मिळाली, म्हणजे जमिनीवर आडवी रेघ, जिन्याची पायरी, टाळीचा ठेका किंवा मोठ्याने मोजलेले आकडे असले, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करू शकतो. रुग्ण त्या खुणेकडे जाणीवपूर्वक लक्ष देतो आणि पाऊल उचलले जाते. आमच्या माजघरातील शहाबादी फरशीचे सांधे मोजत आबा बरे चालतात, त्याचे कारण हेच.

नृत्यकलेने या तत्त्वाचा चांगला उपयोग केला आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तेथील रुग्णगटाच्या साथीने २००१ साली असा वर्ग सुरू केला. वर्गाचा आरंभ खुर्चीवर बसून होतो, पुढे आधार धरून उभे राहणे व मग चालणे येते. पुण्यात हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले. पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व नातेवाईक यांचा स्वमदत गटही पुण्यात आहे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९५ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट करून एकाला ताई ची हा संथ चिनी व्यायाम, दुसऱ्याला वजने घेऊन करावयाचा व्यायाम आणि तिसऱ्याला अंग ताणण्याचा व्यायाम दिला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे हा क्रम चालला. तोल सांभाळण्यात ताई चीचा गट इतर दोन्ही गटांपेक्षा सरस ठरला आणि अंग ताणणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे पडण्याचे प्रसंगही कमी झाले. तिन्ही गट एकत्र जमूनच व्यायाम करीत होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष वर्गात

आमच्या शहरातील एका वाचनालयाच्या सभागृहात एक फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोन दिवस असा वर्ग घेतात. आबांना तेथे न्यायला आजीला तीन आठवडे मनधरणी करावी लागली. मी चार महिने त्यांच्याबरोबर जाऊन नोंदी ठेवल्या.

वर्ग हजेरीने सुरू होतो. या रोगात आवाज पुटपुटल्यासारखा होतो, म्हणून प्रत्येकाने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा 'हजर' म्हणावयाचा. मग खुर्चीवर बसून खांदे, मान, कंबर मोकळी करावयाची. हात जमतील तितके लांब पसरावयाचे, कारण रुग्णाची हालचाल त्याच्या नकळत लहान होत जाते. नंतर खुर्चीतून उठण्याचा सराव येतो: पुढे सरकावे, पाय मागे घ्यावेत, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यावे आणि उठावे. त्यानंतर फरशीवरील रंगीत पट्ट्या ओलांडीत चालणे आणि शेवटी सर्वांनी वर्तुळात बसून गाणे.

दुसऱ्या महिन्यात ताईंना कळले की आबांनी शाळेत वर्षानुवर्षे लेझीम शिकविली आहे. "मग गुरुजी, आजचे आकडे तुम्हीच द्या," असे त्या म्हणाल्या. आबांनी प्रथम मान हलवून नकार दिला. मग खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला आणि मोजू लागले. पहिले 'एक, दोन' मलाही ऐकू आले नाहीत. चौथ्या फेरीला चौदाही जणांचे हात एका तालात हलत होते. आबांचा चेहरा तसाच निर्विकार होता, परंतु त्या दिवशी परतताना रिक्षात त्यांनी आपण होऊन मला विचारले, "अगं, पुढचा वर्ग कधी आहे?"

समूह कशासाठी?

हेच व्यायाम घरी एकट्याने का करू नयेत? करावेतच; पण घरी आबा आठवड्याभरात कंटाळत. या रोगात उदासीनता हे स्वतंत्र लक्षण असते, तो आळस नव्हे. तेथे सोबतीचा उपयोग होतो. दुसरे कारण लाजेचे. लग्नसमारंभात हातातील चहाचा कप थरथरला की लोक पाहतात; वर्गात साऱ्यांचेच कप थरथरतात, म्हणून तेथे कोणी पाहत नाही. तिसरे असे की, नातेवाईकही एकमेकांपासून शिकतात. थबकलेल्या माणसाला ओढू नये, शांत उभे राहू द्यावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगावे आणि मग आकडा मोजून पाऊल टाकू द्यावे, हे मला तेथील एका काकूंनी शिकविले. हे ज्ञान मला उंबऱ्यापाशी हवे होते.

पथ्ये व मर्यादा

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. औषधाचा अंमल असताना व्यायाम करावा. खुर्ची हातांची व बिनचाकांची असावी, पायांत सैल चपला नसाव्यात. काहींचा रक्तदाब उठताना एकदम उतरतो, म्हणून घाई नको. चालताना रुग्णाशी गप्पाही मारू नयेत. लक्ष विभागले की तोल जातो.

व्यायामाने रोग हटत नाही. गेल्या महिन्यात आबा पुन्हा एकदा पडले, सुदैवाने लागले नाही. हातही पूर्वीइतकाच थरथरतो. फरक एवढाच की पडल्यावर तिसऱ्या दिवशी ते वर्गाला गेले. माझ्या नोंदी चौदा जणांच्या आणि चार महिन्यांच्या आहेत. त्यांवरून मोठे निष्कर्ष काढण्याचा माझा दावा नाही.

शेवटी एक सूचना करते. या वर्गातील दोन सदस्य केवळ सोबत नाही म्हणून येईनासे झाले. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले, तर ते परत येऊ शकतील. त्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. हात न ओढता शेजारी उभे राहता आले पाहिजे आणि चार आकडे मोठ्याने मोजता आले पाहिजेत. आकडे चुकले, तर आमचे आबा ते सुधारून देतील.