पट्टा काढण्यापूर्वी

हिंगोली

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. इंडिकाच्या पॉवर स्टिअरिंगचे तेल वारंवार गळते, दुरुस्तीचा खर्च यंदाच्या सोयाबीनला झेपण्यासारखा नाही, आणि कळमनुरीच्या मिस्तरीने पंपाचा पट्टा कायमचा काढून गाडी ‘साधी’ करून देण्याची तजवीज सुचविली आहे, हा मजकूर वाचला; आणि तू त्याला होकार देण्यापूर्वी माझे म्हणणे तुझ्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र तातडीने लिहीत आहे.

साध्या स्टिअरिंगविषयी माझ्या मनात किंतु नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनी या मोटारींनी आपल्याकडच्या दोन पिढ्या पंपाच्या साहाय्यावाचून वाहून नेल्या, १९८३ साली आलेली मारुती ८०० तशीच होती, आणि एस.टी.च्या चालकांनी कित्येक वर्षे भरलेल्या गाड्या केवळ दंडाच्या बळावर व त्या भल्यामोठ्या चक्राच्या आधाराने वळविल्या. परंतु ती वाहने मुळातच हाताच्या बळाचा हिशेब धरून घडविली होती. तुझी गाडी तशी घडविलेली नाही, आणि साहाय्य काढून घेतल्याने ती तशी होतही नाही.

हे कसे, ते नीट समजून घे. तुझ्या गाडीच्या रॅकमध्ये एक नळकांडे असून त्यात दट्ट्या आहे, आणि पंपाने दाबलेले तेल त्या दट्ट्याच्या एका वा दुसऱ्या बाजूस जाऊन चाके वळविण्यास हातभार लावते. कोणत्या बाजूस तेल सोडावयाचे हे ठरविणारी झडप स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी असते, आणि ती उघडावी म्हणून तेथे एक बारीक, पीळ घेणारी सळई बसविलेली असते. पंप थांबला की चालकास प्रथम त्या सळईचा पीळ संपवावा लागतो, मग नळकांड्यात कोंडलेले तेल स्वतःच्या बळाने इकडून तिकडे ढकलावे लागते, आणि त्यानंतरच चाके हलतात. शिवाय अशा रॅकचे दातेप्रमाण जलद असते, म्हणजे चक्राचे थोडे फेरे आणि प्रत्येक फेऱ्यास अधिक जोर. कारण तो जोर पंपाने द्यावयाचा, असे आराखड्यातच गृहीत धरलेले असते. त्यात डिझेल इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर. कोणी तेल काढून दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून देतो, त्याने भार काहीसा हलका होतो खरा, परंतु सळईचा तो ढिलेपणा तसाच राहतो आणि कोरडे पडलेले सील लवकर झिजतात. पंप रस्त्यात बंद पडला तर गाडी सुखरूप कडेला घेता यावी, एवढ्यासाठीच पंपावाचून चाके वळण्याची ही सोय आहे; त्यावर वर्षानुवर्षे गाडी हाकणे हा तिचा उपयोग नव्हे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ साली पंपाचे हे साहाय्य एका मोटारीवर प्रत्यक्ष चालवून दाखविले. पुढे महायुद्धात ते चिलखती लष्करी वाहनांस लाभले, आणि १९५१ साली क्रायस्लरने ते विक्रीच्या मोटारीत आणले. जड ओझ्यासाठी निघालेली ही युक्ती पुढे मोटारीच्या रचनेतच मुरून गेली, हे ध्यानात घे.

आता व्यवहाराचे. गळती नेमकी कोठून होते याची आधी खातरजमा कर. होजपाइप किंवा पंपाचे सील एवढेच गेले असेल, तर तेवढेच बदल आणि या विचारास रजा दे; इंधनाची बचत म्हणशील तर ती इतकी अल्प आहे की तिच्यासाठी हा उपद्व्याप करण्यात अर्थ नाही. रॅकच निकामी झाला असेल, तर मात्र रूपांतराचा विचार रास्त ठरतो. सुदैवाने इंडिका साध्या स्टिअरिंगचीही निघत असे. तेव्हा त्याच जातीच्या साध्या गाडीचा संपूर्ण रॅक, टाय रॉडसह, आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाचा जुळत नसतील तर तोही, असा सगळा संच मिळव. जुन्या बाजारातील रॅक असल्यास त्याचा प्ले स्वतः हलवून पाहा. जोडणीनंतर अलाइनमेंट केल्यावाचून गाडी बाहेर काढू नकोस, टायर मुळापेक्षा रुंद घालू नकोस, आणि हवा कमी पडू देऊ नकोस. पट्ट्यासंबंधी एक बाब विशेष पाहा: त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर फिरत असेल, तर योग्य लांबीचा दुसरा पट्टा बसलाच पाहिजे; डिझेल मोटारींत ब्रेकला बळ देणारा व्हॅक्यूम पंप पुष्कळदा अल्टरनेटरलाच जोडलेला असतो, आणि निष्काळजीपणे पट्टा काढणारा स्टिअरिंगबरोबर ब्रेकचेही साहाय्य घालवून बसतो.

कागदपत्रांचेही सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला. उत्पादकाचाच दुसऱ्या प्रकारातील रॅक बसविणे त्यात येते किंवा कसे, हे तुझ्या-माझ्या मताने ठरवावयाचे नाही. हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देऊन उत्तर घे, विमा कंपनीस इत्तला दे, आणि सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेव. पंधरा वर्षांची मूळ मुदत उलटून गेल्याने नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीस न्यावीच लागते. तेव्हा दाखवावयास काही हाती असावे.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण माझ्या मनात आहे. ही गाडी तू एकटा चालवीत नाहीस. तुझी आई वसमतच्या बाजारास आणि औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास तीच घेऊन जाते, आणि ताईचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून दुखरा आहे. साधे स्टिअरिंग उभ्या गाडीत जड जाते; चाक थोडे फिरू लागल्यावरच चक्र वळवावे, हे तू शिकशील, आणि पावसात काळ्या मातीच्या चाकोरीतून जाताना बसणारे हिसके अंगठे चक्राच्या आत न अडकविता सोसणेही तुला जमेल. तिने या वयात ते का सोसावे? खर्चाची अडचण असेल तर निम्मी रक्कम मी देतो, सुगी झाल्यावर सवडीने फेड. माझे मत दुरुस्तीच्या बाजूने आहे; तरीही बदलच करावयाचा ठरला, तर पुरा कर. अर्धवट मात्र करू नकोस, आणि तोवर पट्टा काढलेली गाडी वारंगा फाट्याच्या हमरस्त्यावर मुळीच आणू नकोस. ताईस नमस्कार सांग, आणि मिस्तरीने गळती कोठे दाखविली ते उलट टपाली कळव.

तुझा
मामा