धानाचे कुसळ डोळ्यात गेले तर?

प्रश्न : मळणी करताना धानाचे कुसळ डोळ्यात गेल्यास काय करावे? (एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : गोंदिया जिल्ह्यात धानाची मळणी सुरू झाली की हा प्रकार हमखास घडतो. डोळा चोळणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. चोळल्याने कुसळाचे टोक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडते. हात साबणाने धुवावेत, मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलती करावी आणि पापण्या उघड्या धरून पिण्याच्या स्वच्छ पाण्याची संथ धार नाकाकडून कानाकडे सोडावी. सुटा कण बहुधा एवढ्यानेच निघतो.

रुतलेले कुसळ मात्र पदराच्या टोकाने, काडीने किंवा जिभेने काढू नये. डोळ्यावर दाब न देता स्वच्छ आच्छादन ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दूध, मध, तूप घालणे घातकच.

धानाच्या ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग शिरतो. लाली, पाणी गळणे, उजेड न सोसणे, बुबुळावर पांढुरका ठिपका ही त्याची लक्षणे काही दिवसांनीही दिसतात. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी ही बुरशी फोफावते आणि नजर कायमची जाऊ शकते. मळणीयंत्रासमोर उभे राहताना बाजूंनी बंद असलेला चष्मा जरूर लावावा.