संरक्षक पोशाख आणि परिचारिकेचे शरीर

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्याच वर्षी १२ मे रोजी २०० वर्षे झाली. परंतु त्याच वर्षी कोरोनाची साथ आली आणि परिचारिकांच्या वाट्याला डोक्यापासून पायापर्यंत बंद असा पोशाख आला. त्याने त्यांचे रक्षण केले, हे निर्विवाद. पण त्यासाठी शरीराला काय सोसावे लागले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपले शरीर घामाने थंड राहते. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. या पोशाखाच्या कापडातून वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही. म्हणजे जंतूंना अडविणारे कवच घामालाही कोंडते. घाम वाहतो, पण अंग निवत नाही. उलट पाणी व क्षार कमी होऊन थकवा व चक्कर येते.

दुसरा परिणाम दाबाचा. 'एन-९५' मुखपट्टी किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडविते, पण चेहऱ्याला घट्ट बसली तरच. त्यामुळे नाकावर व गालांवर वळ उठतात, घामाने भिजलेल्या कातडीला जखमा होतात. सिंगापूरमध्ये २०२० साली १५८ आरोग्यसेवकांची पाहणी झाली. त्यांत परिचारिकाच अधिक होत्या. त्यांपैकी १२८ जणांना या साधनांमुळे नव्याने डोकेदुखी जडली होती.

तिसऱ्या परिणामाविषयी फारसे बोलले जात नाही. माझी मावशी परिचारिका आहे. ती सांगते, "ड्यूटीवर जाण्याआधी आम्ही पाणीच पीत नव्हतो. लघवीला जायचे तर सारा पोशाख उतरवावा लागे, आणि दुसरा लगेच मिळेलच असे नसे." मासिक पाळीच्या दिवसांतील हाल तर सांगायलाच नकोत. घामाने पाणी जायचे आणि वरून पिणेही बंद! अशाने मूत्रमार्गाच्या विकारांचा धोका वाढतो.

२२ मार्च २०२० रोजी आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या, परिचारिकांना देवदूत म्हटले. त्यामागील भावना खरी होती. परंतु देवदूताला तहान लागत नाही, परिचारिकेला लागते. म्हणून पोशाखातील तास कमी हवेत, मध्ये विश्रांती व पाणी हवे, बदलीला दुसरी परिचारिका आणि हाताशी दुसरा पोशाख हवा. याला खर्च येतो, अधिक माणसे नेमावी लागतात. पुढची साथ येण्यापूर्वीच ही तरतूद झाली पाहिजे, असे मला वाटते.