एका फीत तीन भाषा

‘एका फीत इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश’ असली जाहिरात वाचून मी ज्या क्लासला गेले, त्याचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी पद्धत बहुधा हीच सापडेल. वहीच्या पानावर तीन रकाने पाडायचे आणि तिन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी उतरवून घ्यायचे. मिल्क, ले, लेचे. सॉल्ट, सेल, साल. पानं भराभर भरतात, घरचेही खूश.

पहिला रकाना इंग्रजीचा. इंग्रजीत नामाला लिंगाची भानगड नाही, म्हणून पुढच्या दोन रकान्यांतही आर्टिकल लिहायचं राहून जातं. खरा घोळ तिथे आहे. दूध, मीठ, मध हे तिन्ही शब्द फ्रेंचमध्ये पुल्लिंगी आणि स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मधाचं तर स्पेलिंगही दोन्हीकडे एकच, पण फ्रेंच माणूस ‘ल’ लावणार आणि स्पॅनिश माणूस ‘ला’. लॅटिनमध्ये दूध आणि मध नपुंसकलिंगी होते. पुढे ते लिंगच मोडीत निघालं आणि दोघी बहिणींनी आपापल्या सोयीने वाटणी केली. (घरात तीन लिंगं सांभाळणाऱ्या आपल्याला दोन जड जाऊ नयेत, पण जातात.) लिंग चुकलं की विशेषणही चुकतं. तोंडी परीक्षेला बसलं की मग एकेका वाक्याला दोन-दोन चुका पदरात पडतात.

व्याकरणात तर शेजारशेजारचे रकाने आणखी फसवतात. ‘तो आला की सांगते’ हे साधं वाक्य घ्या. आपण ‘आला’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट उद्याची. इंग्रजी इथे वर्तमानकाळ वापरते, फ्रेंच चक्क भविष्यकाळ, आणि स्पॅनिशला हवा असतो सब्जंक्टिव्ह. ‘तो येईल अशी आशा आहे’ म्हणतानाही स्पॅनिश सब्जंक्टिव्ह मागते, फ्रेंच मागत नाही. क्लासमध्ये मात्र ‘फ्रेंच आलं की स्पॅनिश आपोआप येतं’ हेच पालुपद. शब्द ओळखू येतात हे खरं, वाक्य जमत नाही.

म्हणून सांगते, दोन्ही भाषा एकदम सुरू करू नका. एक निदान बी-वन पातळीपर्यंत न्या, मगच दुसरीला हात घाला. वह्या वेगळ्या ठेवा. शब्द सुटा लिहू नका. आर्टिकल लावा आणि जोडीला एखादं विशेषण, म्हणजे ‘थंड दूध’, ‘जाड मीठ’. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्यांनी जास्त जपावं, लेखी पेपरात पाठांतर खपून जातं.

क्लासच्या रंगीत सर्टिफिकेटवर भाळू नका. फ्रेंचसाठी डेल्फ द्या, ती आपल्याकडे आलियांस फ्रान्सेझमार्फत होते. स्पॅनिशसाठी इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसची डेले. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण असतात. 100 पैकी 50 मिळाले तरी एखाद्या भागात 5 पेक्षा कमी पडले तर नापास. या दोन्ही प्रमाणपत्रांना मुदत नसते, त्यामुळे घाई करायचंही कारण नाही.

फी भरण्याआधी एक दिवस वर्गात बसून पाहा. फळ्यावर शब्द आर्टिकलशिवाय पडत असतील, तर पैसे खिशातच राहू द्या.