विहिरीवरील पंपाची चोरी

विहीर वस्तीपासून दूर असली म्हणजे रात्री पंप व तांब्याची केबल चोरीस जाते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कुलूप व राखण असावीच. पण माल सापडला तर तो आपला हे कशावरून ठरणार? मोटारीवरील पत्र्याच्या पट्टीचा क्रमांक आजच वहीत उतरून घ्यावा व पावती जपावी. पट्टी चोर उपटून टाकतो, म्हणून बिडाच्या अंगावर नावही कोरावे; रंगाने लिहिणे आम्हांस व्यर्थ वाटते. संशयितास झोडपू नये, तोही गुन्हाच होय. पोलीस पाटलास कळवून ठाण्यात फिर्याद द्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीच्या सबबीवर ती नाकारता येत नाही, व तिची प्रत फुकट मिळते. तरीही नाकारल्यास हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी.