संगणकात व्हायरस, की फोनवर ठग?



संगणकावर काम चालू असताना अचानक पूर्ण पडदा व्यापणारी सूचना येते, भोंगा वाजू लागतो आणि मजकूर दिसतो : ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ अशा वेळी भले भले घाबरतात. पण बहुधा हा व्हायरस नसतोच. ते इंटरनेटवरचे एक साधे पान असते. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्यावर फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे स्पष्ट म्हणणे आहे की त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

ठगी कशी चालते?

फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला सांगतो. हे प्रोग्राम खोटे नाहीत, पण त्यांच्यामुळे आपला संगणक दूर बसलेल्या माणसाच्या हाती जातो. मग तो विंडोजमधील किरकोळ नोंदींची यादी उघडतो आणि ‘हे बघा व्हायरस’ म्हणतो. अशा नोंदी प्रत्येक चांगल्या संगणकातही असतात. शेवटी दुरुस्तीचे पैसे मागतो किंवा बँकेचे खाते उघडायला लावतो.

हे लोक कोण?

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेच्या आयकर खात्याच्या नावाने तिथल्या लोकांना धमकावले जात होते. सुमारे ७०० जणांना ताब्यात घेतले गेले, ७० जणांना अटक झाली. त्यांत बहुतेक तरुण नोकरदार होते. जून २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या इंदूरमध्येही अशीच कॉल सेंटरे पकडली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशात ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यात मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदलेली खोट्या तांत्रिक मदतीची प्रकरणेही होती.

बारावीनंतर नोकरीसाठी इंदूर-पुण्याला जाणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जिथे खोटे नाव घेऊन बोलायला शिकवतात, ती नोकरी पहिल्याच दिवशी सोडावी. पगार मालक देतो, पण गुन्हा आपल्या नावावर नोंदला जातो.

काय करावे?

१. नंबरवर फोन करू नये.
२. एस्केप कळ थोडा वेळ दाबून धरावी, मग खिडकी बंद करावी. न जमल्यास संगणक सरळ बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर जुनी पाने उघडू नयेत.
३. ओटीपी, पिन, पासवर्ड कोणालाही सांगू नये.
४. संगणक ठगाच्या हाती गेलाच असेल तर आधी इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत.
५. पैसे गेल्यास लगेच १९३० वर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. लाजेने गप्प बसल्यास ठगाचाच फायदा होतो.

स्वाध्याय : घरातील आजी-आजोबांना ही खूण समजावून सांगा आणि १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.