सराव शिबिरातील कॅमेरा आणि प्रेक्षकांची चर्चा

कोणताही सांघिक खेळ पाहताना त्याचा शेवटचा भागच आपल्या दृष्टीस पडत असतो. नव्वद मिनिटांचा फुटबॉलचा सामना किंवा वीस षटकांचा क्रिकेटचा डाव यांच्यामागे कित्येक आठवड्यांचा सराव, निवड, मतभेद, दुखापती आणि निराशा यांचा इतिहास असतो. पूर्वी हा इतिहास खेळाडूंच्या आत्मकथनांतून, वार्ताहरांच्या वृत्तांतून आणि ऐकीव गोष्टींतून लोकांपर्यंत पोहोचत असे. गेल्या पंचवीस वर्षांत त्यात एका नव्या साधनाची भर पडली. सराव शिबिरात, संघाच्या बैठकीत आणि कपडे बदलण्याच्या खोलीतही कॅमेरा नेऊन क्रमशः दाखविल्या जाणाऱ्या अनुबोधपटांची एक शाखाच निर्माण झाली. अशी मालिका पाहिलेले चाहते एकत्र जमले की प्रशिक्षक योग्य होता की नव्हता, अमुक खेळाडूला वगळणे न्याय्य होते काय, कर्णधाराच्या भाषणाचा उपयोग झाला काय, असे प्रश्न निघतात आणि तासन्‌तास चर्चा रंगते. या चर्चेतील कोणत्या विधानांना आधार असतो आणि कोणत्या विधानांना नसतो, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

कॅमेऱ्यापूर्वीचा काळ

प्रारंभी एक जुने उदाहरण घेऊ. जबलपूर शहराला हॉकीची जुनी परंपरा आहे. सुप्रसिद्ध हॉकीपटू रूपसिंग यांचा जन्म याच शहरात १९०८ साली झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. त्या चोवीस गोलांपैकी दहा एकट्या रूपसिंगांचे होते. चार वर्षांनी, १९३६ साली, आपले थोरले बंधू ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली ते बर्लिनला गेले.

बर्लिनला पोहोचल्यावर जुलै महिन्यात भारतीय संघ जर्मनीविरुद्ध सरावाचा सामना खेळला आणि ४-१ असा हरला. संघात खळबळ उडाली. दारा या खेळाडूला तातडीने पाठवावे, अशी तार भारतात करण्यात आली आणि तो विमानाने येऊन उपान्त्य सामन्यापूर्वी संघात दाखल झाला. १५ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामना याच जर्मन संघाशी होता. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा ध्वज बाहेर काढला आणि परक्या राजवटीचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या त्या खेळाडूंनी त्याला वंदन केले. भारताने तो सामना ८-१ असा जिंकला.

या ऑलिंपिकवर लेनी रीफेनश्टाल यांनी तयार केलेला ‘ऑलिंपिया’ हा चित्रपट १९३८ साली प्रकाशित झाला. त्यात मैदाने आहेत, खेळाडू आहेत, प्रेक्षकांची गर्दी आहे. परंतु त्या खोलीतील ध्वजवंदन नाही. ते आपल्याला ठाऊक झाले ते शब्दांमधून. ध्यानचंदांचे ‘गोल’ हे आत्मकथन १९५२ साली, म्हणजे घटनेनंतर सोळा वर्षांनी प्रसिद्ध झाले. सरावातील पराभवाने मनावर झालेला आघातही त्यांनी त्यात मोकळेपणाने नमूद केला आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की येथे अंतर्गत हकीकत सांगणारा मनुष्य स्वतः खेळाडू होता. काय सांगावे आणि काय गाळावे हे त्याने ठरविले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अंतिम सामना भारत हरला असता तर आज आपण ध्वजवंदनाची कथा इतक्या अभिमानाने सांगितली असती काय? कदाचित सरावातील तो पराभव हीच मुख्य कथा झाली असती आणि संघाची तयारी अपुरी होती, असा निष्कर्ष सर्वांनी काढला असता. खोलीत जे घडले ते तेच राहिले असते. त्याचा अर्थ मात्र निकालाने बदलून टाकला असता.

शिबिर पडद्यावर कसे येते

सराव शिबिरावरील मालिकांचा आजचा साचा प्रामुख्याने अमेरिकेत तयार झाला. तेथील फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न खेळ आहे; त्यात लंबगोल चेंडू हातांत घेऊन धावतात आणि प्रत्येक चाल आधी आखलेली असते. २००१ साली एचबीओ या दूरचित्रवाणी वाहिनीने एनएफएल फिल्म्स या संस्थेच्या साहाय्याने ‘हार्ड नॉक्स’ नावाची मालिका सुरू केली. त्याच वर्षाच्या जानेवारीत अजिंक्यपद मिळविलेला बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ तिचा पहिला विषय होता. एनएफएल फिल्म्स ही संस्था फुटबॉल लीगच्याच मालकीची आहे, ही गोष्ट प्रेक्षकाने प्रथमच लक्षात घ्यावी.

अशा मालिकेची कार्यपद्धती साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. प्रशिक्षकांच्या व काही खेळाडूंच्या अंगावर बिनतारी ध्वनिग्राहक लावलेले असतात. बैठकीच्या खोल्यांत दुरून हलविता येणारे कॅमेरे बसविलेले असतात. त्यामुळे तेथे चित्रण करणारा मनुष्य उभा नसतो आणि काही दिवसांत लोक त्या यंत्राची सवय करून घेतात. आठवडाभरात शेकडो तासांचे चित्रण जमते, आणि त्यातून एक तासाहूनही कमी लांबीचा भाग सिद्ध होतो. प्रसारणापूर्वी संघाचे अधिकारी तो पाहतात आणि डावपेच उघड करणारा किंवा नाजूक मजकूर गाळावयास सांगू शकतात. म्हणजे प्रेक्षकासमोर येणारे दृश्य दोन चाळण्यांतून आलेले असते: एक संकलकाची आणि दुसरी संघाची.

सर्वच संघांना हा कॅमेरा हवासा वाटत नाही. २०१३ साली लीगने असा नियम केला की कोणी स्वखुशीने पुढे न आल्यास एखाद्या संघावर चित्रणाची सक्ती करता येईल; नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या संघाला मात्र त्यातून सूट देण्यात आली. जेथे नियमाने भाग पाडावे लागते, तेथे आतील मंडळींना उघडे पडण्याची भीती वाटते हे उघड आहे.

राइट टाउनच्या मैदानावर एखाद्या संघाचा सराव पाहत उभा राहिलेला जबलपूरचा रहिवासी आणि हीच गोष्ट पडद्यावर पाहणारा प्रेक्षक यांत महत्त्वाचा फरक आहे. मैदानाच्या कडेला उभा असलेला मनुष्य कोणाकडे पाहावे हे स्वतः ठरवितो. कोपऱ्यात एकटाच चेंडू थांबविण्याचा सराव करणारा राखीव खेळाडू त्याला दिसू शकतो. त्याला बोलणे मात्र ऐकू येत नाही. पडद्यावरच्या प्रेक्षकाला कुजबुजही ऐकू येते, परंतु नजर दुसऱ्याची असते. पहिल्याला थोडे कळते, पण जे कळते ते त्याचे स्वतःचे असते. दुसऱ्याला पुष्कळ कळल्यासारखे वाटते.

मुंबईचा हंगाम

आपल्याकडील या प्रकारचे ठळक उदाहरण मुंबईच्या क्रिकेट संघाचे आहे. ‘क्रिकेट फीव्हर : मुंबई इंडियन्स’ ही आठ भागांची मालिका नेटफ्लिक्सने १ मार्च २०१९ रोजी प्रकाशित केली. तिचा विषय होता २०१८ चा हंगाम. संघ त्या वेळी गतविजेता होता. महेला जयवर्धने प्रशिक्षक आणि रोहित शर्मा कर्णधार होते. मुंबई महाराष्ट्राची असली तरी या संघाचे चाहते नागपूर, इंदूर, जबलपूर अशा दूरदूरच्या शहरांत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना संघाच्या अंतरंगाचे दर्शन घडते ते पडद्यावरच.

हा हंगाम मुंबईला वाईट गेला. पहिल्या सामन्यात चेन्नईने एक चेंडू राखून एका गड्याने विजय मिळविला. दुसऱ्या सामन्यात हैदराबादने अखेरच्या चेंडूवर, तोही एकच गडी शिल्लक असताना, मुंबईला हरविले. तिसरा सामना दिल्लीने अखेरच्या चेंडूवर जिंकला. चौदा सामन्यांत सहा विजय आणि आठ पराभव अशी स्थिती झाली. २० मे रोजी दिल्लीविरुद्ध १७५ धावा करावयाच्या असता संघ १६३ धावांत बाद झाला आणि पाचव्या क्रमांकावर राहून स्पर्धेबाहेर गेला.

आता याच्या दोन्ही बाजूंचे हंगाम पाहू. २०१७ चा अंतिम सामना मुंबईने पुण्याच्या संघाविरुद्ध एका धावेने जिंकला होता. २०१९ चा अंतिम सामना, मालिका प्रकाशित झाल्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, याच संघाने चेन्नईविरुद्ध पुन्हा एका धावेनेच जिंकला. तिन्ही वर्षी प्रशिक्षक तेच आणि कर्णधारही तेच.

या आकड्यांचा अर्थ चाहत्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. २०१८ ची मालिका पाहताना बैठकीतील एखादी शांतता ही आत्मविश्वासाच्या अभावाची खूण वाटते, आणि प्रशिक्षकाचा संयम हा ढिलेपणा भासतो. तीच शांतता आणि तोच संयम २०१७ किंवा २०१९ मध्ये चित्रित झाला असता तर त्याला आपण विजेत्याची स्थितप्रज्ञता म्हटले असते. एका धावेचा किंवा एका चेंडूचा फरक हा पुष्कळदा दैवाचा भाग असतो. कथेला मात्र दैव चालत नाही, तिला कारण लागते. संकलक ते कारण चेहऱ्यांमध्ये शोधतो आणि प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने जोडलेली ही दृश्ये असतात, हे विसरले की चर्चा भरकटते.

निर्मात्यालाही कधी कधी शेवट ठाऊक नसतो. इंग्लंडमधील संडरलँड या फुटबॉल संघाचे पहिल्या श्रेणीतील पुनरागमन टिपण्यासाठी कॅमेरे लावले गेले, आणि २०१८ साली तो संघ आणखी एक पायरी खाली घसरला. त्या मालिकेला उंची आली ती या अपयशामुळे, कारण त्यात संघाच्या जाहिरातीला वाव उरला नाही आणि शहरातील सामान्य पाठीराख्यांचे दुःख समोर आले.

ज्याला वगळले त्याचे काय?

शिबिरावरील मालिकांचा सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे खेळाडूंना कमी करण्याचा प्रसंग. अमेरिकन फुटबॉलच्या शिबिरात प्रारंभी नव्वद खेळाडू असतात. हंगामापूर्वी त्यांतून त्रेपन्न ठेवले जातात. उरलेल्यांपैकी काहींना सरावपथकात जागा मिळते, इतरांना घरी जावे लागते. प्रशिक्षकाने बोलावले आहे, डावपेचांची वही बरोबर घेऊन ये, असा निरोप आला की खेळाडू काय ते समजतो. त्यानंतरचे दोन-तीन मिनिटांचे संभाषण लक्षावधी लोक पाहतात.

आपल्याकडे क्रिकेट संघात हे दृश्य इतके उघडपणे घडत नाही. २०१८ च्या नियमांनुसार संघात अधिकाधिक पंचवीस खेळाडू घेता येत होते आणि मैदानात अकरा उतरत. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक कोणत्याही दिवशी बाहेर बसलेले. त्यांपैकी काहींना संपूर्ण हंगामात एकही सामना मिळत नाही.

येथे न्यायाचा प्रश्न उद्भवतो. वगळल्या जाणाऱ्या तरुणाचे दुःख हा मालिकेचा सर्वांत मोलाचा ऐवज असतो, परंतु संकलनावर त्याचा काहीच अधिकार नसतो. दुसऱ्या दिवशी तो संघाचा सभासदही राहिलेला नसतो. प्रशिक्षक आणि मालक यांना आपली बाजू पुढील भागात मांडता येते. याला पुढचा भागच नसतो. चाहते मात्र त्याच एका प्रसंगावरून तो मनाने दुबळा होता किंवा त्याच्यात चिकाटी नव्हती, असा निवाडा करून मोकळे होतात. इंग्लंडचे प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांच्यासारख्या नामांकित माणसालाही याचा फटका बसला. विश्वचषकाच्या पात्रता-फेरीतील अपयशानंतर १९९४ साली प्रसारित झालेल्या अनुबोधपटातील त्यांचे काही त्रस्त उद्गार लोकांनी इतके उचलले, की पुढे दीर्घकाळ त्यांच्या कर्तृत्वाआधी तेच आठवले जात. प्रसिद्ध माणसाची ही गत, तर अनामिकाची काय होत असेल याची कल्पना करावी.

चर्चा कशी करावी

म्हणून अशा मालिका पाहू नयेत काय? असे मुळीच नाही. शरीराला आणि मनाला किती कष्ट पडतात, एका चालीसाठी किती वेळा तीच हालचाल करावी लागते, दुखापतीतून परतणे किती एकाकी असते, हे त्यांनी सामान्य प्रेक्षकाला दाखवून दिले आहे. मैदानावरच्या चुकीला शिवी देणारा प्रेक्षक सराव पाहिल्यावर थोडा थबकतो, हा लाभ लहान नव्हे.

चर्चा करताना मात्र काही प्रश्न मनाशी बाळगावेत. चित्रणाला परवानगी कोणी दिली आणि निर्मितीत कोणाचा पैसा आहे? दृश्य घडल्यानंतर किती काळाने जोडले गेले आणि त्या वेळी निकाल माहीत होता काय? एखाद्या चेहऱ्याच्या आधी आणि नंतर दाखविलेली दृश्ये त्याच दिवसाची आहेत, असे मालिकेने सांगितले आहे, की आपणच ते गृहीत धरले आहे? कोण बोलत नाही? आणि अखेरचा प्रश्न, जो निकाल लागला त्याच्या उलट निकाल लागला असता तर याच दृश्याबद्दल आपण काय म्हटले असते?

या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मिळणार नाहीत. परंतु ते विचारले गेले तर चर्चेचे स्वरूप पालटते. सराव किती वेळ चालला, कोणत्या क्रमाने चालला, कोणत्या खेळाडूला कोणते काम देण्यात आले, या गोष्टी दृश्यावरून खात्रीने सांगता येतात आणि जाणकार चाहता त्यांवर अधिकाराने बोलू शकतो. कोणाचे मन खंबीर आणि कोणाचे दुबळे, हे मात्र पडद्यावरून ठरविता येत नाही. बर्लिनच्या खोलीत ज्यांनी ध्वजाला वंदन केले, तेच खेळाडू महिन्यापूर्वी चार गोल खाऊन परतले होते. दोन्ही दिवशी माणसे तीच होती, आणि शिबिरातून घरी पाठविलेल्या अनोळखी खेळाडूबद्दल बोलतानाही चाहत्याने हे भान राखले पाहिजे.